सांडलं नाही, दिलं

कविताचा फोन आला तेव्हा मी ट्रकच्या मागच्या चाकाशी बसलो होतो. विसरवाडी फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. हात काळे होते, म्हणून ड्रायव्हरला म्हटलं, फोन कानाला धर. त्यानं धरला. कविता, म्हणजे माझी मुलगी, नाशिकला असते. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "बाबा, आई गई." मी विचारलं, "कथा गई?" कुठं गेली... असा मी माणूस. ड्रायव्हरला आधी कळलं. त्यानं फोन खाली घेतला आणि म्हणाला, काका, चाक राहू द्या. मी म्हटलं, तुझी गाडी रस्त्यात उभी आहे, चाक कसं राहू देऊ? मी चाक पुरं केलं. सगळे नट आवळले. मग हात धुवायला गेलो आणि हात काही निघेनात, साबण लावतोय, लावतोय, काळेच.

बुधीबाई, माझी बायको, आठ दिवसांसाठी मुलीकडं गेली होती. सकाळी भाकरी थापता थापता खाली बसली, ती उठलीच नाही. फाट्यावर तिला बसमध्ये मीच बसवलं होतं. खिडकीतून ती म्हणाली, "तुम्ही बी चला ना. दुकान काय पळी जाई का?" मी म्हटलं, "तू जाय, मी रईवारले येसू." रविवार यायच्या आधी गुरुवारी तिलाच गाडीतून आणलं. त्याला आता सात आठवडे झाले. आमच्याकडं टायर बदलायला येणारे एक मास्तर आहेत, ते म्हणाले, तात्या, तुमच्या डोक्यात जे फिरतंय ते लिहा, मी पेपरवाल्यांना देतो. माझं शिक्षण चौथी. लिहिणं जड जातं, पण बोलायला आता घरात कोणी नाही, म्हणून लिहितो.

तिचं माहेर तोरणमाळच्या घाटाच्या पायथ्याशी. लग्न होऊन आली तेव्हा डोक्यावर एक पेटी आणि काखेत एक मडकं. माझी आई म्हणाली, मडकं कशाला गं, आमच्याकडं मडकी नाहीत का? ती म्हणाली, हे सवयीचं आहे. मोहाची फुलं भिजत घालायचं ते मडकं होतं. दारू काढायची तिच्या आईकडून आलेली विद्या. आमच्या पाव्हण्यांत लग्न असो, मयत असो, लोक म्हणायचे, बुधीबाईच्या हातची असेल तर बोला. तिचं एक होतं, ती मडक्याला कान लावायची. फुलं पाण्यात पडली की चार दिवसांनी आत बुडबुड चालू होतं. रोज सकाळी पदर मागं सारून ती मडक्याशी वाकायची, जणू कोणी आतून निरोप सांगतंय. मी घाई केली तर म्हणायची, "अजून बोली ऱ्हायनं. बोलणारानं तोंड दाबू नही." बोलणं बंद झालं की मगच चुलीवर चढवायची. पोलीस यायचे तेव्हा मडकी कडब्याखाली जायची आणि ही अंगणात बसून अगदी साध्या चेहऱ्यानं तांदूळ निवडायची. एका हवालदारानं विचारलं, वास कसला येतो? ही म्हणाली, "म्हतारानी मळमळ शे साहेब." म्हातारा म्हणजे मी. तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो.

आमच्यात पिण्याच्या आधी धार टाकतात. पहिले चार थेंब जमिनीला, जे गेले त्यांचं नाव घेऊन. मग माणसानं प्यायचं. कोणी मेलं की दिवसाच्या वेळी, म्हणजे उत्तरकार्याला, सगळे नातेवाईक एकेक करून धार टाकतात. ज्याला धार मिळाली नाही तो कोरडा गेला म्हणतात. तहानेलाच गेला. हे मी समजावून सांगतोय कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आता माझं सांगतो. मी प्यायचो, आणि चार थेंब टाकून थांबणारा नव्हतो. एकदा दुपारीच पिऊन ट्रकखाली गेलो. जॅक नीट लावला नव्हता, सरकला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. डोकं गेलं असतं. दवाखान्यातून आलो तो सरळ भजनी मंडळात जाऊन माळ घातली. त्या दिवसापासून थेंब नाही. माळ घातली म्हणूनच मी आज लिहायला जिवंत आहे, तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. बुधीबाईला तर केवढा आनंद झाला. पण मी नुसता प्यायचा थांबलो नाही. घरातली मडकी अंगणात आणून फोडली. ते माहेरचं सवयीचं मडकंसुद्धा. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "फोडा. पण धार तेवढी ऱ्हाऊ द्या. इतलंसं." मी म्हटलं, माझ्या घरात थेंब येणार नाही.

त्याच वर्षी तिची आई गेली. दिवसाला आम्ही घाटाखाली गेलो. सगळ्यांनी धार टाकली. मग जावयाची पाळी. पत्र्याचा पेला माझ्यापुढं आला आणि मी हात जोडले. माळ दाखवली. बुधीबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "माळ गळामा शे ना? हातमा तं नही." मी ऐकलं नाही. उलट तिचा दंड धरला आणि म्हटलं, चल, बसची वेळ झाली. तिची पाळी माझ्यानंतर होती. सख्ख्या मुलीची. मी तिला टाकू दिली नाही... बसमध्ये ती एकच बोलली, "मन्ही माय कोरडी गई." भांडली नाही. रडली नाही. ती भांडली असती तर मी त्याच दिवशी काहीतरी बोलून मोकळा झालो असतो. ती गप्प राहिली, आणि मी समजलो की मिटलं. आम्हा पुरुषांना असंच वाटतं.

मध्ये वर्षं गेली. कविताचं लग्न झालं. जावई विलास नाशिकजवळ एका छोट्या बिअरच्या कारखान्यात मशिनी बघतो. मला आधी सांगितलं होतं 'पाण्याच्या कंपनीत' आहे, माझ्या माळेपायी. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही नाशिकला गेलो तेव्हा तो सासूला म्हणाला, "मामी, चला, तुम्हाला आमचा कारखाना दाखवतो. रविवारी लोकांना फिरवून दाखवतात, शेवटी चव पण देतात." मी म्हटलं, मी येणार नाही. बुधीबाईचं लुगडं बदलूनसुद्धा झालं होतं. म्हणाली, "तुम्ही भायेर बठा. दारू काय उडीसन तोंडात जास का?" गेलो शेवटी. जावयाचा मान होता.

आत दहाबारा माणसं होती, सगळी शहरातली, हातात फोन. एक पोरगी सगळ्यांना फिरवून दाखवत होती, नाव तन्वी, हसरी, पण सारखी घड्याळ बघायची. तिनं आधी पोत्यातलं धान्य प्रत्येकाच्या हातावर ठेवलं. म्हणाली, हे जव, मोड आणून भाजलेलं, चावून बघा. लोक दोन दाणे चावत होते, बुधीबाईनं मूठ तोंडात टाकली आणि म्हणाली, भाजलेल्या दादरसारखं लागतं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. मग तन्वीनं हिरव्या गोळ्या दाखवल्या, त्यानं कडूपणा येतो म्हणे. मला तर त्या बैलाच्या ढेपेच्या गोळ्या वाटल्या. पुढं स्टीलच्या मोठ्या टाक्या, समोर येऊन उभं राहिलं तर आपलं तोंड त्यात लांबुळकं दिसतं. भिंतीवर काचेत सरकारी कागद लावलेला. बुधीबाईनं विचारलं, "आठे पोलीस येतस नही का व माय?" तन्वी म्हणाली, नाही आजी, आमच्याकडं लायसन्स आहे ना, ते बघा. ही माझ्याकडं वळून म्हणाली, "कागद भितडाले टांगी दिधा म्हणजे पोलीस येत नही! आपले हाई कोणी सांगंच नही." सगळे हसले. मी पण हसलो. आम्ही तर कडब्याखाली लपवत आयुष्य काढलं.

मग ती टाकीला कान लावून उभी राहिली. तन्वी म्हणाली, आजी, जाड स्टील आहे, बाहेर ऐकू येत नाही. पण टाकीच्या वरून एक नळी खाली आली होती आणि पाण्याच्या बादलीत सोडली होती. बुधीबाईनं गुडघे टेकले, त्या बादलीशी कान नेला. बुडबुड, बुडबुड. तिचा चेहरा मी बघत होतो. किती वर्षांनी तिनं तो आवाज ऐकला होता ते तिथं फक्त मला माहीत होतं, कारण तो बंद मीच केला होता. ती म्हणाली, "अजून बोली ऱ्हायनं हाई. आतेच काढू नका." विलास म्हणाला, नाही मामी, अजून पाच दिवस आहेत. "हां. पाच दिन तं लागतीनच." दोघं असं बोलत होते जसे दोन सुतार बोलतात.

शेवटी चवीचा कार्यक्रम. लाकडाच्या फळीला पाच भोकं, त्यात पाच लहान ग्लास, फिक्या रंगापासून काळ्यापर्यंत. माझ्यापुढं विलासनं लिंबू सोडा ठेवला. तन्वी सांगत होती, पहिल्याला संत्र्याचा वास आहे. बुधीबाई म्हणाली, "संत्रं टाकेल शे का?" "नाही आजी, नुसता वास." "मंग संत्रंच खावानं ना." परत हसणं. मग तन्वी म्हणाली, आता चव घ्या.

आणि बुधीबाई एकदम गंभीर झाली. डोक्यावर पदर घेतला. पहिला ग्लास उचलला, खुर्चीवरून वाकली आणि त्या चकचकीत फरशीवर चार थेंब सोडले. "माय, हाई तुन्हं." मग एक घोट प्यायली. दुसरा ग्लास. "बा, हाई तुन्हं." तिसरा माझ्या आईच्या नावानं, चौथा माझ्या बापाच्या. एवढ्या वर्षांत माझ्या आईबापाला मी काही दिलं नव्हतं, ती देत होती, आणि मला काय दिसलं? मला दिसलं की लोक बघताहेत. एकानं फोन वर केला. विलासचा साहेब दारात उभा. तन्वीनं विचारलं, "आजी, सांडलं का?" बुधीबाई म्हणाली, "सांडनं नही व माय, दिधं."

तन्वी म्हणाली, "कोणाला?"

"जे गयात त्यासले."

ती पोरगी घड्याळ बघायचं पण विसरली. मी जागेवर बसून राहिलो असतो तर बरं होतं. पण मी उठलो. खांद्यावरचा माझा मोठा रुमाल काढला, तो चौकडीचा, हात पुसायचा, आणि खाली बसून ती फरशी पुसली. खसाखसा पुसली. म्हटलं, "उठ. जावईनी नोकरी खाशी का?" तन्वी म्हणाली, "काका, राहू द्या ना. फरशी आम्ही रोज धुतोच." विलासही म्हणाला, मामा, काही होत नाही. म्हणजे कोणालाच काही वाटलं नव्हतं. लाज एकट्या मलाच वाटली होती. बुधीबाईनं माझ्या हातातून रुमाल घेतला, घडी केली, पिशवीत ठेवला. मग पाचवा ग्लास, तो काळा, उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. त्यातला थेंबसुद्धा खाली टाकला नाही.

परतताना बसमध्ये मी विचारलं. नीट विचारता येत नाही मला, म्हणून आडवळणानं विचारलं, पाचवा कोणाचा होता? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मन्हा. जित्ता माणूसले धार देता येत नही, म्हणीसन पी लिधा." आणि हसली. "बेस व्हता काळा. कडू, पण खरा." मला वाटलं रागावली नाही, बरं झालं. गाडी धुळ्याच्या पुढं आली तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंडाला थोडा वास येत होता. एरवी मी तो वास आला की उठून जातो. त्या दिवशी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी घरी ती मागच्या दारी गेली. तिथं आमचं मोहाचं झाड आहे, बापाच्या वेळचं. तिनं त्या झाडाच्या बुडाशी बसून लोटाभर पाण्यात तो रुमाल बुचकळला आणि तिथंच मुळाशी पिळला. परत पाणी, परत पिळला. मी दात घासत उभा होतो. म्हटलं, "धोवाना दगड शे ना आठे, झाडखाल काय धोस? साबण लाव." ती म्हणाली, "याले साबण नही लागत." मी म्हटलं, म्हातारी झालीस, डोकं फिरलं. ती रुमाल वाळत टाकून चहा करायला गेली. मी पुढं कधी विचारलं नाही. तो रुमाल मी रोज वापरला. आजही दुकानात खिळ्याला आणि घरी खांद्यावर तोच असतो.

तिच्या दिवसाला घाटाखालून तिचा भाऊ आला. पिशवीत बाटली, त्यांच्याकडच्या मोहाची. मी दारातच म्हटलं, माझ्या घरात नाही. माझी माळ आहे. तो म्हातारा झालाय आता, काठी टेकत आला होता. म्हणाला, "दाजी, माय कोरडी गई. आते बाई बी कोरडी जाई का?" मी दारातून हललो नाही. मला वाटलं मी देवाला धरून आहे. तो घराला वळसा घालून मागं गेला. परत आला तेव्हा हात रिकामे. म्हणाला, "घरमा नही ठेवी. झाडवर ठेवी दिधी." मोहाच्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथं, त्यानं ती बाटली टेकवून ठेवली होती. मी ती रोज बघत होतो. काढली नाही, फोडली नाही. एकदा आंघोळीला जाताना दिसली, एकदा लाकडं आणताना. वारा आला की वाटायचं पडेल. पडली नाही.

मागच्या आठवड्यात कविता आली होती. आईचे कपडे बघून, वाटून द्यायला. दुकानात आली, खिळ्यावरचा रुमाल बघितला आणि हातात घेऊन बसली. म्हणाली, बाबा, हाच का तो? मी म्हटलं, कोणता? तिनं सांगितलं. कारखान्यातून आल्यावर आईनं तिला फोन केला होता. कविता फोनवर रागावली होती की बाबांनी सगळ्यांपुढं असं का केलं. तर बुधीबाई म्हणाली होती, "जाऊ दे व. तुन्हा बापनी पुसी लिधं, मी पोचाडी दिधं."

मी हवेचा पाइप हातात धरून उभा राहिलो. गाडीवाला म्हणाला, काका, टायर फुटेल. एवढी हवा भरत होतो.

म्हणजे त्या झाडाखाली ती रुमाल धूत नव्हती. मी फरशीवरून उचललेलं, तिच्या आईचं, बापाचं, माझ्या आईचं, माझ्या बापाचं, ती लोट्यानं जमिनीला परत देत होती, आणि मी शेजारी उभा राहून तिला साबण सांगत होतो. एकवीस वर्षं तिनं तिच्या आईची तहान मनात ठेवली, आणि संधी मिळाली तेव्हा माझ्याच रुमालातून भागवली. मला एक शब्द न बोलता. आता मला तिला विचारायचंय की मला का नाही सांगितलंस? आणि ती काय म्हणेल तेही मला माहीत आहे. म्हणेल, तुम्ही ऐकतस का?

मी भजनी मंडळात कोणाला विचारलं नाही. विचारून करायची गोष्ट नाही ही. शपथ घेतली तेव्हा मी म्हटलं होतं, पिणार नाही. ओतणार नाही असं कुठं म्हटलं होतं? तिनं तर तेव्हाच सांगितलं होतं, माळ गळ्यात आहे, हातात नाही. एवढं सोपं कळायला मला ती जावी लागली.

काल सकाळी दुकान उघडायच्या आधी मागं गेलो. बाटली काढली. घरातून पेला आणला नाही, सरळ बाटलीनंच, डाव्या हातानं, ज्या हाताला तीनच बोटं आहेत त्यानंच. आधी चौघांची नावं घेतली, ती घ्यायची तशीच, तिची आई पहिली. चार वेळा टाकली. मग पाचवी. नाव घ्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की आयुष्यभर मी तिला नावानं हाक मारलीच नाही. कवितानी माय, अगं, ऐकलं का... एवढंच. म्हटलं, "बुधी, हाई तुन्हं. आते तुले देता येस." सगळी ओतली. झाडाखालची माती काळी झाली आणि थोडा वेळ तशीच राहिली.

बोटांवरही थोडी आली. सवयीनं खांद्यावरच्या रुमालाकडं हात गेला... आणि थांबला. पुसलं नाही. तसाच ओला हात घेऊन चालत फाट्यावर गेलो, दुकानापर्यंत जाईतो तो आपोआप वाळला.